विहीर पाहून लागवड

डिसेंबर आला की नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला थंडी बोचायला लागते आणि त्याच दिवसांत उन्हाळ कांद्याची लागवड सुरू होते. बाया पहाटेच डबे बांधून शेताकडे निघतात. ओल्या वाफ्यात वाकून एकेक रोप खोचायचं, म्हणजे सगळं काम बोटांचं. ज्या घरात कुणाला आमवात आहे, तिथली सकाळ मात्र वेगळी असते. मूठ वळत नाही. नळ फिरवता येत नाही. ब्लाउजचं बटण लावायला, दुधाची पिशवी फोडायला बोटं तयार नसतात. ती मोकळी व्हायला तासभर लागतो, कधी त्याहून जास्त. हा आजार फक्त म्हातारपणी होतो असं नाही. शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते आणि सांधे सुजतात. तो ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो. पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. सुरुवातीला हात वरून धडधाकट दिसतात. त्यामुळे दुखणं घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि आपलं आपल्यालाही लवकर पटत नाही.

या आजारात दुखण्याइतकंच टोचतं ते जुनं मोजमाप. पूर्वी उजाडायच्या आत भाकऱ्या थापून मी शेतावर हजर असायचे, आता चहाची कपबशी उचलताना जीव जातो, असा हिशेब मनात सुरू होतो. त्या हिशेबात रोज हारच पदरी पडते. अशा वेळी आपल्या शेतकऱ्याकडे पाहावं. चांदवड तालुका दुष्काळाची झळ सोसलेला. इथे कांदा लावायच्या आधी माणूस विहिरीत डोकावतो. पाणी किती आहे आणि काढणीपर्यंत पुरेल का, याचा अंदाज घेतो. मग किती लावायचं ते ठरवतो. पाऊस चांगला झाला त्या वर्षी दोन एकर, नाही झाला तर अर्धा. अर्धा एकर लावला म्हणून त्याला कुणी आळशी म्हणत नाही. दोन एकर लावले आणि मध्येच पाणी तुटलं, तर सगळंच हातचं जातं. आमवातात अंगातली ताकदही रोज सारखी नसते. एका दिवशी बरं वाटलं म्हणून सगळं घर धुऊन काढलं, तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. म्हणून सकाळी आधी आत डोकावायचं. आज जेवढं पाणी, तेवढीच लागवड. जे लावलं ते मात्र मन लावून पिकवायचं. त्या दिवसाचं यश तेच.

डोरोथी हॉजकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंना १९३८ मध्ये झालेल्या पहिल्या बाळंतपणानंतर हाच आजार जडला. तेव्हा त्या अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. क्ष-किरणांच्या मदतीने रेणूंची रचना शोधणं हे त्यांचं काम, तेही नाजूक हातांचं. उपचार घेऊन त्या प्रयोगशाळेत परतल्या, तेव्हा यंत्राचं मुख्य बटण त्यांच्या बोटांनी दाबलं जाईना. त्यांनी त्याला एक लांब दांडी बसवून घेतली आणि काम पुढे सुरू केलं. हात पुढे आणखी वाकडे होत गेले. तरी १९६४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इन्सुलिनवर तर त्या १९३४ पासून काम करत होत्या. त्याची रचना १९६९ मध्ये उलगडली, आणि ती उलगडणाऱ्या त्यांच्या गटात एम. विजयन हे आपले भारतीय संशोधकही होते. हॉजकिनबाईंचं ध्येय होतं रेणूची रचना समजून घेण्याचं. बटण बोटाने दाबलं की दांडीने, याने त्यात काही उणं आलं नाही. आपल्याही कामात ध्येय आणि ते गाठण्याची रीत यांतला फरक ओळखायला हवा. घरच्यांना गरम जेवण मिळावं, ही आपली इच्छा. मग कुकरचं झाकण मुलाने लावलं, कणीक यजमानांनी मळली, तर जेवणात काय कमी झालं? बाजाराची पिशवी बोटांत न धरता कोपरात अडकवली, तरी भाजी घरी येतेच.

आज कामाला लागण्यापूर्वी दोन मिनिटं बसा. कोमट पाण्यात हात बुडवून ठेवा आणि तेवढ्यात एकच गोष्ट ठरवा, आज मनापासून करायची अशी. लेकीचा अभ्यास घेणं, दुकानाचा हिशेब पूर्ण करणं, रेणुकामातेच्या दर्शनाला जाऊन येणं, काहीही. बाकीचं झालं तर आनंदच आहे. औषधालाही त्या ठरवण्यात मानाची जागा द्या. उपचार लवकर सुरू झाले आणि नेमाने चालू राहिले, तर सांधे बऱ्याच अंशी वाचवता येतात. अनेकांना मेथोट्रेक्झेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिचा वार पक्का लक्षात ठेवणं आणि सांगितलेल्या वेळी रक्ततपासणी करून घेणं, ही खरोखरची कामगिरी आहे. दुपारी पाठ टेकली तर तीही उद्याच्या कामाची तयारी समजा. आणि तुमचे हात धडधाकट असतील, पण घरात आई, वहिनी किंवा मावशी हे दुखणं सोसत असेल, तर आजपासून एवढं करा. संध्याकाळी घरी आल्यावर "दिवसभरात एवढंच झालं?" असं विचारू नका. सकाळी निघतानाच विचारा, "आज तू काय करायचं ठरवलंयस? त्यातलं मी काय करू?" तिला आपल्या दिवसाचं माप स्वतः ठरवता येईल, आणि ते गाठताना सोबतीला घरचं माणूस असेल.