टबीथेचे टाके



यापो गावची टबीथा वारली, तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवले (प्रेषितांची कृत्ये 9:39). तिच्या तोंडचे एकही वाक्य पवित्र शास्त्रात नाही; तिचे टाके तेवढे आहेत. प्रभू येशूच्या दाखल्यातील बाईनेही तीन मापे पिठात खमीर मिसळले (मत्तय 13:33). एवढी भाकर काही एका घरात संपणारी नव्हे! त्यात थंडीत पीठ फुगायला वेळ लागतो, घाई चालत नाही.

आपल्या आजींनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या गोधड्या आज कपाटात घडी घालून पडल्या आहेत, आणि पलीकडच्या घरात एकटी म्हातारी कुडकुडते आहे. नाताळच्या खरेदीआधी त्यातली एक तिच्या अंगावर घालाल का? सोबत गरम भाकर न्या, आणि थोडा वेळ तिच्याजवळ बसा.