बीजाचे मोल

शिवालयात जाणारा जुन्या वळणाचा मनुष्य थेट गाभाऱ्याकडे जात नाही. तो आधी नंदीपाशी थांबतो, त्याच्या मागल्या अंगास वाकून त्या दगडी वृषभाच्या वृषणांना हात लावतो, मग दोन शिंगांवर बोटे ठेवून त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून पिंडीचे दर्शन घेतो आणि त्यानंतरच उंबरा ओलांडतो. चौलच्या रामेश्वरापुढल्या पुष्करणीच्या काठी बसले असता या रीतीचा विचार माझ्या मनात अनेकदा आला आहे. ज्या गोष्टीचे नाव घेताना सभ्य समाज आवाज खाली आणतो, त्याच गोष्टीला स्पर्श केल्यावाचून शिवदर्शन पुरे होत नाही, असे आपल्या पूर्वजांनी ठरविले ते अजाणता खास नव्हे. उत्पत्तीची शक्ती ही पवित्र वस्तू आहे आणि ती ज्या देहात राहते त्या देहाची ती नव्हे, एवढा अर्थ मला त्या स्पर्शात दिसतो. परंतु देवळात हे मान्य करणे सोपे आहे. देवळाबाहेर, शेजाऱ्याच्या गोठ्यात, तीच शक्ती जेव्हा खऱ्या वळूच्या रूपाने दावणीला उभी असते आणि कोणी आपली माजावर आलेली गाय दारात आणून बांधतो, तेव्हा त्या वळूच्या धन्याने काय घ्यावे, किती घ्यावे, की काहीच घेऊ नये, हा प्रश्न मात्र धर्माच्या गाभ्यापर्यंत जातो.

आमचा हा कुलाबा जिल्हा, ज्याला 1981 सालापासून रायगड म्हणतात, भाताचा आणि आगराचा मुलूख. इथे शेते लहान आणि खाजणांना खाऱ्या पाण्याचे भय. गोठ्यात नांगराचे दोन बैल असले म्हणजे कुणबी स्वतःस सुखी समजे, आणि ते बैल अर्थातच खच्ची केलेले. अंडील जनावर पाळणे म्हणजे घरात राजा पाळणे. ते नांगराला नीट जुंपून घेत नाही, कुंपण मोडते आणि पेंढ्याची उडवी एकट्याने फस्त करते. म्हणून ते घरोघरी असू शकत नाही. गावात एकाने ठेवायचे आणि सर्वांनी त्याचा उपयोग करावयाचा. सर्वांचे काम एकाच्या पदरी पडले की त्या एकाला आपण दाता म्हणायचे की व्यापारी, हा पेच तिथेच उभा राहतो.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात या पेचाचा एक निकाल दिलेला आहे. बीज आणि क्षेत्र यांत श्रेष्ठ कोण, या वादात स्मृतिकार गाय, घोडी, उंटीण, म्हैस, शेळी, मेंढी यांचीच उदाहरणे घेतो आणि म्हणतो की उत्पादक नर ज्याचा, त्याला प्रजेत वाटा नाही. एखाद्याच्या वृषभाने परक्यांच्या गाईंच्या ठायी शंभर वासरे उत्पन्न केली तरी ती शंभरही गाईच्या धन्यांची. वाऱ्याने किंवा पुराने वाहून आलेले बी ज्याच्या शेतात रुजेल, पीक त्याचे. आधी करार झालेला असेल तरच दोघेही भागीदार. खारबंदी फुटून एकाच्या शेतातली रोपे दुसऱ्याच्या शेतात गेलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्या आमच्या किनाऱ्यावरील लोकांना हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. मात्र त्या प्रकरणाचा मूळ रोख जनावरांवर नाही. तो स्त्रीवर आहे, आणि गाय-घोडीच्या त्याच यादीत दासीचेही नाव घातलेले आहे. माणसाला क्षेत्र समजणारी ती दृष्टी मला अधर्म्य वाटते, आणि आदरापोटी तो भाग झाकून पुढे जाणे मला जमणार नाही. पशूंच्या बाबतीत मात्र त्यातील विचार खोल आहे. बीज सोडणाऱ्याचा हक्क सोडण्याच्या क्षणीच संपतो, असे तो विचार सांगतो.

हाच विचार विधीच्या रूपाने वृषोत्सर्गात उतरला. मृताच्या अकराव्या दिवशी, किंवा कार्तिकी पौर्णिमेस, उत्तम लक्षणांचा तरुण गोऱ्हा निवडावा, त्याच्या एका अंगावर त्रिशूळ आणि दुसऱ्यावर चक्र अशी चिन्हे उमटवावीत आणि कालवडींसह त्याला मोकळे सोडावे, असा हा संस्कार. अशा सोडलेल्या वृषभाला आपल्याकडे पोळ म्हणतात. पुष्कळ पुत्रांची इच्छा का करावी, तर त्यांतला एखादा तरी गयेला जाईल, किंवा अश्वमेध करील, किंवा नील वृषभ सोडील, अशा आशयाचे जुने वचन प्रसिद्धच आहे. चक्रवर्ती राजाच्या यज्ञाशेजारी सामान्य कुणब्याने सोडलेला गोऱ्हा बसविला आहे, हे विशेष. आणि दोहोंत भेद केवढा! अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा फिरे खरा, परंतु त्याच्यामागे सशस्त्र रक्षक असत, त्याला घोडीजवळ जाऊ दिले जात नसे, आणि त्याचा प्रत्येक पाय पडेल ती भूमी राजाच्या दप्तरी जमा व्हायची. पोळामागे कोणीच नसे. तो जिथे जाई तिथे काही घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठी जाई.

हा पोळ कोणाचा, असा प्रश्न इंग्रजी अमलात फौजदारी न्यायालयापुढेही आला. वृषोत्सर्गात सोडलेला बैल कोणी नेला तर ती चोरी होते काय, हे ठरविताना 1880च्या दशकात अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने सांगितले की असा बैल कोणाचीही मालमत्ता नव्हे. सोडणाऱ्याने स्वामित्व सोडले, दुसऱ्या कोणी घेतले नाही, म्हणून चोरीचा गुन्हा उभा राहत नाही. धर्मनिष्ठांना हा निकाल त्या काळी कठोर वाटला असेल, कारण त्याने पोळाचे संरक्षण गेले. तरी तत्त्व म्हणून पाहता, दानाचा इतका शुद्ध अर्थ कायद्याच्या भाषेत क्वचितच सांगितला गेला असेल. देवळाला दिलेली गाय देवाची होते, ब्राह्मणाला दिलेली ब्राह्मणाची. पोळ मात्र कोणाचाच होत नाही.

घोड्याच्या नशिबी हे भाग्य कधी आले नाही, आणि त्याची साक्ष याच किनाऱ्यावर आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर नगरीचा रशियन व्यापारी अफनासी निकितीन होर्मुझहून गलबतात एक अंडील घोडा घालून चौल बंदरात उतरला. त्याच्या स्मरणार्थ रेवदंड्यास आज एक स्तंभ उभा आहे. या देशात घोडे निपजत नाहीत, बैल आणि रेडे निपजतात, असे त्याने लिहून ठेवले, आणि घोड्यांना इथे हरभरा व साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, हेही नवलाने नोंदविले. तो घाट चढून जुन्नरला गेला, तेव्हा तिथल्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि चार दिवसांची मुदत दिली: आमचा धर्म स्वीकारशील तर घोडा परत आणि वर एक हजार सोन्याची नाणी, नाहीतर घोडाही जाईल आणि हजार नाणी दंडही पडेल. खुरासानच्या एका ख्वाजाने रदबदली केल्यामुळे घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. पुढे बीदरला त्याने तो घोडा विकला. एका जनावरासाठी माणसाच्या श्रद्धेची किंमत ठरविली जाते, याचे कारण त्या जनावराचे सौंदर्य नव्हे. घोडा म्हणजे लष्कर आणि लष्कर म्हणजे राज्य. अरबी नर आणि दख्खनी घोडी यांच्या संकरातून भीमेच्या खोऱ्यात भीमथडीची तट्टे निपजली, त्यांवर मराठ्यांची दौड झाली. शिरूर तालुक्यातील आलेगावच्या नावाला तर ‘पागा’ हा शब्द अजून चिकटलेला आहे. पागेतल्या नराची चंदी, खरारा, मोतद्दार, सारे दप्तरी लिहिलेले असायचे. जे लिहिले जाते ते सोडले जात नाही.

आणि तरीही, ज्या अरबांकडून हे घोडे चौलास येत, त्यांच्याच धर्मवचनांत या व्यवहाराविषयी जे सांगितले आहे ते वाचून मी थक्क झालो. बुखारीच्या हदीससंग्रहात इब्न उमर यांच्याकडून आलेली एक परंपरा आहे, की नराने मादीला फळविण्याबद्दल मोल घेण्यास पैगंबरांनी मनाई केली. दुसऱ्या एका परंपरेत उंटाच्या धन्याची कर्तव्ये सांगताना, मागणाऱ्याला आपला नर वापरावयास देणे हे त्यांत गणले आहे. किलाब टोळीच्या माणसाने विचारले की आम्ही मोल घेत नाही, पण लोक आदराने काही भेट देतात, तेव्हा त्या भेटीला मोकळीक मिळाली. पुढच्या धर्मशास्त्र्यांनी कारण दिले ते असे, की गर्भ राहील की नाही हे विकणाऱ्याच्या हाती नाही, आणि जे हाती नाही ते विकता येत नाही. मालिकी पंथाने मात्र ठराविक मुदतीसाठी जनावर भाड्याने देण्यास वाट ठेवली, म्हणजे मोल श्रमाचे झाले, बीजाचे नव्हे. गंगेकाठचा स्मृतिकार आणि अरबस्तानातील वाळवंटाचा धर्मसंस्थापक यांची भेट कधी झाली नाही. तरी एकाने म्हटले की बीजावाटे वाटा मिळत नाही, आणि दुसऱ्याने म्हटले की बीजाचे मोल घेऊ नये.

आज गावात वळू दिसत नाही. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली जी संस्था उभारली, तिने आणि सरकारी दवाखान्यांनी कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनात गोठविलेले बीज आता नळीतून येते आणि त्याचे पैसे पडतात. याला मी अधर्म म्हणत नाही. त्या पैशांत थंडी आहे, प्रवास आहे, शिकलेल्या हाताचे कौशल्य आहे, आणि गरीब माणसाच्या गोठ्यात चांगल्या दुधाची कालवड येते हे पुण्यच आहे. परंतु वृषोत्सर्गाच्या दिवशी पिठाचा किंवा दर्भाचा गोऱ्हा करून संकल्प उरकणाऱ्या आपल्या पिढीला, त्या विधीत खरा भार कोणी उचलला होता याची आठवण राहिलेली नाही.

कारण पोळ सोडून देणारे घर एका दिवसात मोकळे होई. पुढे बारा-पंधरा वर्षे तो खात असे ते इतरांचे. सोडलेला वृषभ शेतात शिरला तर त्याबद्दल दंड नाही, असे मनूने आठव्या अध्यायात सांगितले, म्हणजे नुकसान सोसण्याचा हुकूम शेताच्या धन्याला झाला. भाद्रपदात पोटरीला आलेल्या भातात पोळ शिरला, तर आमच्याकडचा कुणबी काठी आपटून त्याला बांधापर्यंत हाकी, कोंडवाड्याची वाट दाखवीत नसे, आणि लवलेली रोपे सरळ करीत तिथेच बसे. ज्याच्या नावाने तो गोऱ्हा सोडला होता, तो मृत मनुष्य कदाचित त्याच्या ओळखीचाही नसे. त्या संकल्पात या कुणब्याचे नाव कोणी उच्चारले नव्हते, त्याचे गोत्र कोणी विचारले नव्हते. आणि तरी दरसाल त्याच्या भातातला एक घास त्या दानात पडत होता.