सरासरीचे सत्य

महाडजवळील गांधारपाल्याच्या बौद्ध लेण्यांच्या पायऱ्यांवर बसून सावित्रीच्या खोऱ्याकडे पाहताना, 22 जुलै 2021 च्या महापुरात व दरडींत अंधारलेल्या महाड-पोलादपूर तालुक्यांस सौरपट आणि बॅटरी यांवर चालणारे स्वतंत्र लघुजाल कितपत तारील, या व्यवहारी विचारातून माझे मन अकस्मात एका जुन्या तात्त्विक वादात शिरले. अशा जालातील परिवर्तकाचा स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडतो नि मिटतो. मधली अवस्था त्यास ठाऊकच नाही. तरीही 1976 मध्ये मिडलब्रुक व चुक या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीने अभियंता त्या क्षणांची सरासरी काढतो, आणि जी कोणत्याही क्षणी अस्तित्वात नसते तिच्याच आधारे जालाच्या स्थैर्याचा निवाडा करतो. येथेच तो जुना वाद उभा राहतो: बौद्ध तर्कज्ञ दिङ्नागाच्या मते सत्य ते केवळ स्वलक्षण, म्हणजे एकेकटी, त्या क्षणाची वस्तू. अनेकांना समान असे जे ‘सामान्य’, ती बुद्धीची कल्पना. पण त्याच परंपरेतील धर्मकीर्तीची कसोटी अर्थक्रियेची, म्हणजे कार्य घडविण्याच्या सामर्थ्याची, आणि सरासरीची ही कल्पना तर काम करते! विद्युतदाब घटताच अधिक प्रवाह ओढणारे, म्हणजे दुष्काळात दस्त वाढविणाऱ्या मामलतदारासारखे, स्थिरशक्तीचे भार जाल डळमळवतील, हे ती आगाऊ सांगते. मात्र स्विचच्या गतीशी स्पर्धा करणाऱ्या कंपनांपुढे ती मुकी होते. तेथे पुन्हा एकेका क्षणाचीच जबानी घ्यावी लागते.