एकट्याचा सूर

उपासनेत कोणी एकट्याने गावे किंवा वाजवावे काय, हा वाद आपल्यापैकी पुष्कळांनी पंचकमिटीच्या बैठकीत ऐकला असेल. अनेक वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत, क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका तरुणाला ईस्टरच्या सकाळी एकट्याने वाजवू देऊ नये, असे मत मी दिले. मंडळीचे लक्ष प्रभूवरून ढळून त्याच्याकडे जाईल, हे माझे कारण. ते सर्वांना पटले. त्यानंतर तो मुलगा चर्चमध्ये वाजवेनासा झाला.

मुंबईत एका मैफलीत मला हे आठवले. द्वोर्झाक या चेक संगीतकाराची ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी चालू होती. १८९३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती प्रथम सादर झाली. तिच्या दुसऱ्या, संथ भागाच्या आरंभी पितळी वाद्यांचे गंभीर स्वर उमटतात. मग आवाज दाबलेली तंतुवाद्ये जणू पायघडी अंथरतात आणि तिच्यावरून एकच वाद्य चालू लागते, इंग्लिश हॉर्न. (नाव फसवे आहे. ते ना इंग्लिश, ना शिंग. ओबोचा तो थोराड, खर्जातला भाऊ.) १९२२ साली द्वोर्झाकच्या एका शिष्याने या धुनेला इंग्रजी शब्द दिले, त्यामुळे पुष्कळांना ती जुने भक्तिगीत वाटते.

ध्वनिमुद्रिकेवर मी ती कित्येकदा ऐकली होती. पण ध्वनिमुद्रिकेत न दिसणारे समोर दिसले. वाजवणारी बाई उठून उभी राहिली नाही. रांगेत बसूनच तिने श्वास घेतला. तिच्याहून संख्येने कितीतरी अधिक असलेले व्हायोलिनवादक तिच्यासाठी हळू वाजवत होते, कारण स्वरलिपीत तसेच लिहिले होते. हे एकटेपण तिने मागून घेतलेले नव्हते, ते तिच्या वाट्याला आले होते. नम्रतेपोटी ती गप्प राहती तर सिम्फनीलाच खिंडार पडले असते. आणखी एक नवल म्हणजे, तिच्याकडे लक्ष देता देता मला खालची तंतुवाद्ये अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागली.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल ज्या वाद्याचा दाखला देतो, त्याला ग्रीकमध्ये ‘औलोस’ म्हणतात. भाषांतराच्या मेजावर या शब्दापाशी मी बराच थांबलो आहे. आपण ‘पावा’ म्हणतो खरे, पण औलोसला आपल्या सनईप्रमाणे बोरूची पत्ती असे आणि बहुधा त्याची जोडी वाजवीत. मत्तयाच्या शुभवर्तमानात अधिकाऱ्याच्या घरी शोक करणारे वादक याच वाद्याचे. पौलाची अपेक्षा एवढीच की, स्वरास्वरांतला भेद कळावा. बैठकीत मी मात्र बाराव्या अध्यायातील शरीर व अवयव पुढे केले होते. डोळा पाहतो तेव्हा हात पाहत नसतो आणि त्यामुळे शरीराची एकता भंगत नाही, हे तेव्हा मला सुचले नाही.

गर्वाचा धोका खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. टाळ्यांच्या वेळी संचालकाने त्या बाईला उभे केले तेव्हा ती सुखावली. पण त्या बैठकीत गर्व मुलाचा होता की मंडळीचे लक्ष कोठे जावे हे ठरवणाऱ्या माझा, हे मी तेव्हा तपासले नाही.

संथ भागाच्या अखेरीस ती धून पुन्हा येते. तंतुवाद्ये ती घेतात, पण मध्येच थांबतात, पुन्हा उचलतात, पुन्हा थांबतात. सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही.

तो तरुण आता मध्यमवयीन झाला असेल. त्याचा पत्ता मला मिळाला आहे. पत्र लिहायला घेतले आहे, परंतु नमस्कारापुढे गेलेलो नाही.