गंज आणि जन्मखूण

जुनी वस्तु स्वच्छ करितांना तिच्यावरील काय काढावें व काय राखावें? १९०८ ते १९२७ या काळांत फोर्डच्या कारखान्यांतून निघालेल्या 'मॉडेल टी' मोटारीच्या एंजिनावर क्रमांक ठोकलेला असे. आज तो पुष्कळदां गंजाखालीं दडलेला आढळतो. तीव्र आम्लांत गंजाबरोबर लोखंडही झिजतें व अंक पुसट होतात. उलट, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत तो भाग विजेच्या ऋण टोकास जोडून मंद प्रवाह सोडल्यास गंज सावकाश सुटतो आणि अंक शाबूत राहतात. अधीर मनुष्य म्हणेल, पुसले तर अंक पुन्हां ठोकूं; काय बिघडलें? आमच्या मतें सारेंच बिघडलें. आंकडे तेच, पण साक्ष खोटी! वस्तु आपल्या मालकीची असेल. तिचा इतिहास नव्हे.