वाट पाहणारा ताल

कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाने १९२८ साली संत जोन ऑफ आर्क हिच्या खटल्यावर एक मूकपट निर्माण केला. त्याची मूळ निगेटिव्ह आगीत नष्ट झाली. पुढे १९८१ साली ऑस्लोजवळील एका मनोरुग्णालयात त्याची एक प्रत सापडली आणि जोनचा तो अश्रूंनी भिजलेला चेहरा जगाला पुन्हा पाहावयास मिळाला. या चित्रपटाने प्रेरित होऊन अमेरिकन संगीतकार रिचर्ड आइनहॉर्न यांनी १९९४ साली 'व्हॉइसेस ऑफ लाइट' ही रचना केली. पडद्यावर मूकपट चालतो आणि त्याच वेळी गायकवृंद व वाद्यवृंद ती रचना प्रत्यक्ष सादर करतात.

असा मेळ साधणे वाटते तितके सोपे नसते. चित्र आपल्या ठरलेल्या गतीने पुढे जाते. ते कोणासाठी अडत नाही. दहा मिनिटांच्या भागात वादकांची गती शेकडा एकाने जरी ढळली, तरी चित्र आणि संगीत यांत सहा सेकंदांचे अंतर पडते. ज्वाळा विझल्यानंतर आक्रोश ऐकू यावा, अशी स्थिती होते. म्हणून अशा कित्येक प्रयोगांत संगीत-संचालकाच्या कानात यंत्राचे टिकटिक ठोके सोडलेले असतात, किंवा त्याच्या पुढ्यातील लहान पडद्यावर एक उभी रेघ सरकत येते आणि ती टोकाला पोहोचताच ठोका पडावा लागतो. शंभर जिवंत माणसे एका निर्जीव यंत्राच्या आज्ञेत राहतात.

यात माणसाचा अवमान आहे काय? आमचे पहिले उत्तर नकारार्थी आहे. सेमिनरीतील घंटेच्या तालावर आम्ही अनेक वर्षे काढली. शिस्त म्हणजे दास्य नव्हे, हे आम्हास तेथेच उमगले. शिवाय पडद्यावरील जोन आता आपल्यासाठी थांबू शकत नाही. दिवंगतांची साक्ष जशी आहे तशीच स्वीकारावी लागते. तिच्यापुढे जिवंतांनी आपली गती आवरती घ्यावी, यात एक प्रकारची भक्तीच आहे.

तरीही प्रश्न संपत नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'च्या अकराव्या भागात काळाचा विचार करताना स्तोत्रगायनाचाच दाखला घेतला आहे. तोंडपाठ स्तोत्र म्हणताना जे म्हणून झाले ते स्मृतीत जाते, जे म्हणावयाचे आहे ते अपेक्षेत असते आणि मन या दोहोंमध्ये ताणलेले राहते. आम्हास येथे भेद दिसतो. यंत्र काळ अचूक मोजते. पण त्याला अपेक्षा नसते, आणि ज्याला अपेक्षा नाही त्याला वाट पाहता येत नाही. आपल्याकडील साथसंगत पाहा. गवई आलापीत रमला, तर तबलजी ठेका धरून राहतो. समेची जागा दोघांनाही ठाऊक असते, आणि चुकलेल्याला हळूच समेवर आणणारा तोच खरा साथीदार. सांभाळून घेणे हा संगीताचा गुण आहेच. तो नीतीचाही गुण आहे.

येथे आम्हास आमचा एक अपराध नमूद केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामात ख्रिस्ताच्या दुःखसहनावर चित्रफितीसह गायनाचा कार्यक्रम बसविला होता. वाद्यमेळ आधीच ध्वनिमुद्रित केला होता. गायकांनी त्याच्याबरोबर जावयाचे, एवढेच उरले होते. गायकवृंदातील एक वयोवृद्ध गृहस्थ प्रत्येक चरणाच्या शेवटी किंचित मागे राहत. चाळीस वर्षे ते तसेच गात आले होते आणि त्यांच्या दमाबरोबर सारे चर्च गात असे. तालमीत चित्र पुढे गेले, ते मागे राहिले. आम्ही त्यांना म्हणालो, "बाबा, यंदा आपण बसून ऐका." ते म्हणाले, "बरं, फादर." कार्यक्रम निर्दोष झाला. त्यांच्या ओठांची हालचाल मात्र आम्हास पहिल्या बाकावर दिसत होती.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौल श्रीमंत भाविकांची कानउघाडणी करतो. प्रभुभोजनासाठी जमल्यावर ते गरिबांच्या आधीच जेवून घेत. त्यांना पौल सांगतो, की एकमेकांसाठी थांबा. आम्ही हा उतारा किती वेळा वाचला असेल! परंतु जी मंडळी मागे राहणाऱ्यासाठी थांबत नाही, तिचा मेळ कितीही अचूक असला तरी तो प्रभूच्या मेजाभोवतीचा मेळ नव्हे, हे आम्हास त्या बाकाकडे पाहताना कळले. रोमने १९५८ साली दिलेल्या संगीतविषयक सूचनेत फोनोग्राफ, टेपरेकॉर्डर आदी यंत्रांना उपासनेत मनाई केली होती. तरुणपणी आम्हास ती जुनाट वाटे. आज तिच्यामागची काळजी थोडी समजते.

याचा अर्थ यंत्र त्याज्य आहे असा नव्हे. २०२० साली महामारीने चर्चची दारे बंद झाली, तेव्हा घरोघरी एकेकट्याने कानातल्या ठोक्यांबरोबर गाऊन पाठविलेले आवाज जोडून गायकवृंद उभे राहिले. त्या गायनाने कित्येकांना धीर दिला. मात्र तेथे शेजाऱ्याचा श्वास ऐकून कोणालाच थांबता आले नव्हते. तो दुरावलेल्यांचा मेळ होता. एकत्र आल्यावरही तसेच गात राहण्याचे कारण नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही कार्यक्रमाची रीत बदलली. ध्वनिमुद्रण काढून टाकले आणि हार्मोनियम व ढोलकी घेतली. चित्रे ठेवली, पण ती आपोआप पुढे सरकणार नाहीत अशी योजना केली. एक तरुण कळीवर बोट ठेवून बसे आणि शेवटचा आवाज थांबल्याशिवाय पुढील चित्र येत नसे. थांबण्याचे काम यंत्राला जमत नाही. ते त्याच्याजवळ बसलेल्या माणसाने करावयाचे असते.

ते बाबा त्या वर्षी हयात नव्हते. गायकवृंद प्रत्येक चरणाच्या शेवटी क्षणभर थांबला. तो क्षण कोणाचा, हे आम्ही कोणास सांगितले नाही.