गावबाची पोळी

पैठणास नाथषष्ठीला एक माय मांडीवरचे लेकरू दाखवून म्हणाली, “महाराज, डॉक्टर डाऊन सिंड्रोम म्हणतात. ग्रहण पाळलं नाही म्हणून का हो?”

माय, ग्रहणाचा येथे काडीचा संबंध नाही. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या लेकरांत २१ व्या जोडीला तिसरे येऊन बसते. १९५९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी ते दाखविले. ही गफलत बहुधा बीज घडतानाच होते, गर्भ राहण्याच्याही आधी. मेंदू ज्या नळीपासून घडतो ती चौथ्या आठवड्यातच मिटते. कित्येकींना तोवर दिवस गेल्याचेही ठाऊक नसते! पुढे या लेकरांच्या मेंदूत पेशी कमी तयार होतात. यात तुझ्या हाती काय होते? मागल्या जन्मीचे पाप म्हणणाऱ्याला खुशाल दारातून परत पाठव.

नाथांच्याच घरचे पाहा ना! गावबा मंदबुद्धी समजला जाई, पुरणपोळीसाठी हटून बसे. (त्याला हाच विकार होता असे मी म्हणत नाही.) मंत्र दिला तर म्हणे, मी ‘एकनाथ’ एवढेच म्हणणार. नाथांनी त्याला पोटाशी धरले, रोज पोळी वाढली. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायाशी थांबलेले भावार्थरामायण याच गावबाने पुरे केले, अशी परंपरा सांगते.

“मग माझं पोर लिहील का ग्रंथ?”

बहुधा नाही, माय. पोळी वाढताना नाथांनी कुठे ग्रंथाची अट घातली होती? तू आधी संभाजीनगरला घाटीत याचे हृदय दाखव. अशा जवळजवळ निम्म्या मुलांत तिथे दोष असतो. कान, थायरॉईडही तपासून घे. बोलणे उशिरा येईल, तू मात्र रोज बोलत राहा.

लेकरू तोवर माझी चिपळी ओढीत होते.